पुण्यातले चार क्लब गेले, कुणाला पत्ताही लागला नाही

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इंडियन सुपर लीगमधला हैदराबाद एफसी हा क्लब दिल्लीला गेला. नाव बदलून स्पोर्टिंग क्लब दिल्ली झालं. आपल्याकडे या बातमीची फारशी दखल कुणी घेतली नाही. घ्यायला हवी होती. कारण लीगमधली हैदराबादची ती जागा मुळात पुण्याची होती.

थोडं मागे जाऊ. २०१४ ला ही लीग सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी त्यात होता. मालक वाधवान समूह, सोबत हृतिक रोशन, इटलीच्या फिओरेंटिना क्लबशी भागीदारी. पहिल्याच हंगामात डेव्हिड त्रेझेगे बालेवाडीत खेळला. फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातला माणूस! २०१७-१८ ला संघ उपांत्य फेरीत पोचला. बालेवाडीतला सामना ०-० सुटला आणि बंगळुरूत सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल मारून विषय संपवला. तरी पुण्याची पोरं खूश होती, म्हणाली पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष झालं, त्याच्या पुढचं आलंच नाही. मालकांची आर्थिक घडी विस्कटली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं की पुण्याची जागा आता हैदराबाद घेणार. तहसीलदाराची बदली होते तसं. 'ऑरेंज आर्मी' म्हणून जी पोरं स्टँडमध्ये ढोल बडवायची, त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची सोयच नव्हती. ती क्लबची कुणीच नव्हती ना, तिकीट काढणारी गिऱ्हाईकं होती फक्त.

गंमत म्हणजे याच हैदराबादने २०२२ च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून लीग जिंकली. हैदराबादकरांनी मिरवणुका काढल्या असतील. साडेतीन वर्षांनी क्लब दिल्लीला. आता हैदराबादकर पुणेकरांच्या रांगेत.

पण मला हैदराबादपेक्षा पुण्याचंच जास्त वाटतं. कारण हा एकच क्लब गेला असता तर दुर्दैव म्हणून सोडून दिलं असतं. हिशेब मांडून बघा. २००७ ला अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. चांगला क्लब होता. २०१२-१३ ला आय-लीगमध्ये चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ दुसरा आला. त्यांची अकादमी तर देशात नावाजलेली. २०१५ ला बंद. कल्याणी समूहाने भारत एफसी काढला, २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला, शेवटचा आला, बंद. शिवाजियन्स हा पुण्यातला जुना स्थानिक क्लब, त्याच्या पुढे 'डीएसके' लागलं, थेट आय-लीगमध्ये प्रवेश मिळाला, लिव्हरपूलच्या नावाची अकादमी आली. दोन हंगामांनी २०१७ मध्ये तेही आटोपलं. आणि मग एफसी पुणे सिटी.

पाच वर्षांत एका शहरातून चार व्यावसायिक क्लब गेले. चारही वेळा कारण मैदानावरचं नव्हतंच. मालकाचा धंदा बसला, नाहीतर मालकाचं मन उडालं. मुंबईत महिंद्रा युनायटेडचं वेगळं काय झालं? १९६२ पासूनचा संघ, २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये कंपनीने ठरवलं की आता शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचं. संघ बंद. एका बैठकीत अर्ध्या शतकाचा निकाल.

लोक म्हणतात, महाराष्ट्रात फुटबॉल रुजत नाही. हे मला पटत नाही. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात या आणि बघा. पाटाकडील विरुद्ध दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध खंडोबा असा सामना असला की शाहू स्टेडियममध्ये उभं राहायला जागा मिळत नाही. तिकीट काढून बघतात लोक, उन्हात. या संघांना कुणी कंपनीने जन्म दिलेला नाही. तालमीचे संघ आहेत हे, पेठेचे. घरातला आजा ज्या तालमीचा, नातूही त्याच तालमीचा. दुसऱ्या तालमीकडून खेळायला गेलेल्या पोराशी गल्लीत दोन-दोन वर्षं न बोलणारे लोक आहेत. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर इथले मित्रच कमेंटमध्ये सांगतील. हाणामाऱ्या होतात, पोलीस बंदोबस्त लागतो, सामने थांबतात. बाहेरचे खेळाडू, अगदी आफ्रिकेतले, पैसे देऊन आणायची चढाओढ लागते आणि पेठेतलं पोरगं बाकावर बसतं. कोल्हापूरचं सगळं उचलून पुण्यात न्या, असं माझं म्हणणं नाही. पण प्रायोजक आला-गेला म्हणून तालमीचा रंग बदलत नाही, ही गोष्ट तेवढी बघा.

आता बंगालकडे. मोहन बागान १८८९ चा क्लब. २९ जुलै १९११ ला अनवाणी पायांनी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं आणि आयएफए शील्ड जिंकली. गोऱ्यांच्या लष्करी संघाला हरवून! अकरा जणांत बूट घातलेला एकच होता, सुधीर चटर्जी. तो दिवस तिथे अजून साजरा होतो. २०२० मध्ये गोएंका समूहाने बहुमताचा हिस्सा घेतला आणि त्यांच्या आधीच्या संघाचं नाव पुढे चिकटवलं, एटीके मोहन बागान. लोक पेटले. संघ जिंकत होता, पैसा येत होता, तरी मोर्चे, फलक, बहिष्काराच्या हाका थांबल्या नाहीत. १८ मार्च २०२३ ला फातोर्ड्यालाच बंगळुरूला हरवून लीग जिंकली आणि तिथेच मैदानावर संजीव गोएंकांनी जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून 'एटीके' हटणार. (मागे 'सुपर जायंट' लावलंच, तो भाग वेगळा.)

मालकाला तीन अक्षरं मागे घ्यावी लागली. पुण्यात अख्खा क्लब उचलून नेला तरी कुणाला काही मागे घ्यावं लागलं नाही. फरक फक्त सव्वाशे वर्षांच्या जुनेपणाचा नाही. मोहन बागानमध्ये सदस्य आहेत, त्यांच्या निवडणुका होतात, कंपनीच्या बाहेर उभी असलेली एक संस्था आहे. भांडायला पाय टेकायला जागा आहे.

गोव्याचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या थोडं आड येतं, हे कबूल. धेंपो क्लब एका उद्योग घराण्याचाच. पाच वेळा देशाचा विजेता, २०१६ ला महासंघाच्या धोरणाचा निषेध करत आय-लीगमधून बाहेर पडला, पण क्लब मोडला नाही. गोव्यात खेळत राहिला आणि पुन्हा आय-लीगपर्यंत वर आला. म्हणजे मालक चांगला असेल तर निभतं. पण पुढचा मालक चांगलाच निघेल याची हमी कोण देणार?

इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डनचा क्लब मालकांनी मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळवली, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून नवा क्लब उभा केला आणि अगदी खालच्या साखळीतून सुरुवात केली. २०२० मध्ये तो आपल्या जुन्या भागात, प्लाऊ लेनला परतला. आजही चाहत्यांच्याच ट्रस्टच्या हातात आहे. आपल्याकडे असं लगेच होईल असं मला वाटत नाही. लीगचा खर्च कोटींत असतो, वर्गणीतून तेवढं निघत नाही. पैसेवाला मालक लागणारच.

पण बालेवाडीचं स्टेडियम सरकारी आहे, आपल्या कराच्या पैशातून उभं राहिलंय. उद्या पाचवा कुणीतरी उद्योगपती येईल, पुण्याचं नाव लावेल आणि तेच मैदान मागेल. तेव्हा क्रीडा खात्याने भाड्याच्या कराराआधी एक कागद पुढे ठेवावा. क्लबचं नाव, रंग आणि चिन्ह नोंदणीकृत सदस्य संस्थेच्या मालकीचं राहील, मालकाला ते फक्त वापरता येईल. शहर सोडायचं तर संस्थेची लेखी मंजुरी लागेल. आणि क्लब बंद झाला तर वयोगटातली पोरं आणि त्यांचे प्रशिक्षक एक वर्ष कुठे जातील, त्याची अनामत रक्कम आधी भरायची. ज्याला हे मान्य नाही त्याने स्वतःचं मैदान बांधावं.