यंदा कोठें जावयाचें?

दिवाळी सरून हवेंत गारवा येऊं लागला म्हणजे बहुतेक घरांत एकच विषय निघतो : यंदा कोठें जावयाचें? मुलांचा ओढा थंड हवेच्या ठिकाणाकडे, वडील मंडळींचा देवदर्शनाकडे, आणि मधल्या पिढीचा जेथें उतरण्याजेवण्याची सोय बरी असेल तिकडे. यांतला कोणताच हेतु वाईट नाहीं. परंतु या वादांत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. आपण जाणार तें काय पाहावयास, आणि तें पाहण्याची आपली तयारी कितपत झाली आहे?

आपल्या आज्यापणज्यांना हा प्रश्न पडत नसे. कारण त्याचें उत्तर त्यांच्या रीतींतच होतें. काशीस किंवा नाशिकास निघण्यापूर्वीं त्या क्षेत्राचें माहात्म्य घरांत कानांवरून गेलेलें असे. कोणत्या घाटावर काय घडलें, कोणत्या कुंडास तें नांव कां पडलें, हें ठाऊक असल्यामुळें तेथला साधा दगडहि त्यांच्याशीं बोले. आतां आपण गाडींत आधीं बसतों व चौकशी मागाहून करतों. मग जें उंच, भव्य किंवा रंगीत असेल तेवढेंच डोळ्यांत भरतें.

ही उणीव खरी कळून येते ती जेथें दिसण्यासारखें थोडें व जाणण्यासारखें फार, अशा ठिकाणीं. भंडारा जिल्ह्यांतील वैनगंगेकांठची पवनी हें असेंच एक ठिकाण आहे. नागपुराहून उमरेड-भिवापूरच्या मार्गानें किंवा भंडाऱ्याहून अड्याळवरून येथें जातां येतें. गांवास प्राचीन तटाचे अवशेष असून जुना दरवाजाहि आहे. विदर्भांतील अष्टविनायकांत येथील गणपतीची गणना होत असल्यामुळें भाविक येतात. वाघ पाहण्याची हौस असलेले लोक उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यासाठीं येतात. १९८८ सालीं ज्याची पायाभरणी झाली तें गोसीखुर्दचें धरणहि याच तालुक्यांत आहे. तें पाहणारेहि पुष्कळ. म्हणजे पवनीस पाहुण्यांची वाण नाहीं. परंतु बाळसमुद्र तलावाजवळच्या जगन्नाथ टेकडीकडे वळणारीं पावलें मात्र थोडीं.

या टेकडीच्या पोटांत काय होतें, तें १९६९-७० सालच्या उत्खननानें उघड झालें. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व विभाग यांनीं मिळून, डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पति जोशी यांच्या देखरेखीखालीं हें काम केलें. टेकडींत विटांचा एक विशाल बौद्ध स्तूप निघाला. त्याचा व्यास सुमारें ३८ मीटर भरतो. सांचीच्या सुप्रसिद्ध महास्तूपाचा सुमारें साडेछत्तीस मीटर आहे! दुसरा स्तूप जवळच चांदकापूरच्या बाजूस, सुलेमान टेकडी म्हणून जिला ओळखतात तेथें निघाला. पुढें १९९४ सालीं पवनीस पुन्हा उत्खनन झालें. ज्या गांवावरून आपण गाडी न थांबवितां जातों, तें दोन सहस्र वर्षांपूर्वीं एवढें वैभवशाली होतें.

स्तूपाभोंवतीं दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपींत दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांत स्त्रियांचींहि आहेत. येथील एका खांबावर पांच फणांचा नाग कोरला असून खालीं 'मुचरिंद' असें त्याचें नांव दिलें आहे. बुद्धास ज्ञानप्राप्ति झाल्यावर सात दिवस पावसाची झड लागली, तेव्हां या नागराजानें आपल्या फणा पसरून त्याचें रक्षण केलें, अशी कथा आहे. परंतु शिल्पांत फणांखालचें आसन रिकामें आहे! त्या काळीं बुद्धाची मूर्ति घडवीत नसत. रिकामें आसन, बोधिवृक्ष किंवा पाउलें, एवढ्यावरूनच तो तेथें आहे असें जाणावयाचें. हें ठाऊक नसलेल्यास तेथें एक साप दिसेल व तो पुढें जाईल. ज्यास ठाऊक आहे त्यास मात्र भर पावसांत वसुदेवाच्या डोक्यावरील बाळकृष्णावर फणा धरणारा शेष आठवल्यावांचून राहणार नाहीं, आणि दोन निराळ्या परंपरांतल्या कथा एकमेकींच्या किती जवळच्या आहेत, हें कोणीं न सांगतां कळेल.

"विटामातीचा ढीग पाहावयास एवढ्या लांब जावयाचें?" असें घरांतल्या एखाद्या काकू विचारतील. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. तयारी न करतां गेल्यास तेथें खरोखरच ढीग दिसेल. म्हणून आमची सूचना अशी कीं, निघण्यापूर्वीं आठवडाभर या गोष्टी रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलांस सांगाव्या. जवळच्या मैदानांत एकोणीस मीटर लांबीची दोरी घेऊन वर्तुळ आंखावें व मुलांस त्यावरून चालावयास सांगावें. सुमारें १२० मीटरांची ती प्रदक्षिणा पुरी होतां होतां स्तूपाचा आकार त्यांच्या पायांसच कळेल. पवनीचे कांहीं शिल्पखंड नागपुरास नेलेले आहेत. सवड असल्यास ते आधीं पाहून मग गांवीं जावें. वडील मंडळी बरोबर असतील तर सकाळीं गणपतीचें व नदीचें दर्शन घ्यावें आणि ऊन चढण्यापूर्वीं टेकडीवर जावें. उन्हाळ्याचे दिवस टाळावे हें उत्तम. तेथली वीट वा खापरी आठवण म्हणून उचलून आणूं नये. आपल्या कपाटांत ती केवळ खापरीच राहते.

आणखी एक गोष्ट त्या टेकड्यांच्या नांवांत आहे. स्तूप बौद्धांचा, टेकडी जगन्नाथाची, दुसरी सुलेमानाची. जुन्या वाड्यांत जसें पणजोबांच्या खोलीवर आजोबांनीं माडी चढवावी व नातवांनीं ती आपलीच म्हणून वापरावी, तसें हें झालें आहे. खालची खोली कोणाची, हें विचारणारें मूल घरांत असलें म्हणजे वाडा टिकतो. ज्या ठिकाणाची विचारपूस कोणी करीत नाहीं, त्याची राखण सरकारी फलक किती दिवस करणार? विटा झिजतात, झुडपें माजतात, आणि माहिती सांगणारीं माणसेंहि एकेक करून निघून जातात.

पवनीच्या नांवानें येथें लिहिलें, तें प्रत्येक जिल्ह्यास थोडेंफार लागू आहे. आपल्या गांवापासून दिवसाच्या अंतरावर अशी एखादी टेकडी, पडका तट किंवा मुक्या लेखाची शिळा बहुधा असतेच. तिच्याविषयीं घरांतील आजोबा-आजींस काय ठाऊक आहे, तें या हिवाळ्यांत विचारून लिहून ठेवावें, आणि मग सर्वांनीं मिळून तेथें जावें. थंड हवेचें ठिकाण पुढच्या वर्षींहि तेथेंच असेल. आजोबांच्या आठवणींचा तसा भरंवसा देतां येत नाहीं.