एका हायफनने अडवलेला बिल्ड : पायथन लायब्ररीच्या जुन्या सेटअप फाइलकडे आता का बघायला हवं?

24 मार्च 2025, सोमवार. आमच्या टीमने शुक्रवारपासून कोडची एक ओळही बदलली नव्हती. तरी त्या दिवशी एकामागून एक बिल्ड फेल व्हायला लागले. एररचा अर्थ साधा होता : सेटअप फाइलमधल्या 'डिस्क्रिप्शन-फाइल' या नावात हायफन चालणार नाही, अंडरस्कोर वापरा. गंमत म्हणजे ती फाइल आमची नव्हतीच. आम्ही वापरत असलेल्या एका छोट्या लायब्ररीची होती, आणि तिला बरीच वर्षं कुणी हात लावलेला नव्हता.

त्या दिवशी जगभर अनेकांचे बिल्ड याच हायफनवर अडले. हे प्रकरण नीट समजून घेतलं, तर लायब्ररीचा बिल्ड कोड सांभाळणं म्हणजे काय ते कळतं.

नेमकं काय झालं?

पायथनची लायब्ररी पायपीआयवर दोन प्रकारे ठेवता येते. एक 'व्हील', म्हणजे दळून आणलेलं पीठ. डाउनलोड करा, उघडा, वापरा. दुसरी 'एस-डिस्ट', म्हणजे गहू. तो तुमच्या मशीनवर दळावा लागतो, आणि हे दळण्याचं काम बहुतेक वेळा सेटअपटूल्स हे टूल करतं. कसं दळायचं त्याच्या सूचना सेटअप डॉट पाय, सेटअप डॉट सीएफजी किंवा पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या फाइल्समध्ये असतात. यालाच मी बिल्ड कोड म्हणतोय.

सेटअप डॉट सीएफजीमध्ये ऑप्शनचं नाव हायफनने लिहिलं तरी पूर्वी चालायचं. 2021 मध्ये सेटअपटूल्सच्या 54.1 व्हर्जनपासून त्यावर वॉर्निंग यायला लागली. 78.0.0 मध्ये त्या वॉर्निंगची एरर झाली. लोकांचे बिल्ड फुटल्यावर मेंटेनर्सनी लगेच 78.0.2 काढून हा बदल पुढे ढकलला, आणि 2026 च्या आधी आपापल्या फाइल्स सुधारून घ्या असं सांगितलं.

व्हर्जन पिन केलं होतं, तरी कसं फुटलं?

आमच्या टीममध्ये पहिला प्रश्न हाच आला. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये सेटअपटूल्सचं व्हर्जन ठरवून ठेवलेलं होतं ना?

होतं. पण पिप एस-डिस्ट बिल्ड करताना सहसा वेगळं, तात्पुरतं एन्व्हायर्नमेंट उभं करतं आणि तिथे लायब्ररीने मागितलेली टूल्स इन्स्टॉल करतं. याला बिल्ड आयसोलेशन म्हणतात. लायब्ररीने कोणतंच व्हर्जन सांगितलं नसेल, तर तिथे सगळ्यात नवं सेटअपटूल्स येतं. म्हणजे घरात जुनी गिरणी आहे, पण पिप प्रत्येक दळणाला बाजारातून नवी गिरणी आणतं. तुमची पिन तिथपर्यंत पोचतच नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या पिप 25.3 मध्ये यासाठी 'बिल्ड कन्स्ट्रेंट' हा वेगळा ऑप्शन आला. याच व्हर्जनपासून पिप सगळे बिल्ड पेप 517 या नव्या पद्धतीनेच करतं, सेटअप डॉट पाय थेट चालवण्याचा जुना रस्ता बंद झाला.

चार वर्षांची वॉर्निंग कुणी वाचली?

"चार वर्षं सांगत होतो" हे सेटअपटूल्सवाल्यांचं म्हणणं खरंच आहे. जुनं सगळं कायम सांभाळत बसायला कुणाकडे वेळ नसतो. पण ती वॉर्निंग दिसत कुणाला होती? बिल्ड यशस्वी झाला की पिप त्याचं आउटपुट दाखवतच नाही. लायब्ररीच्या लेखकाला ती दिसली असती, पण त्याने पुन्हा बिल्ड चालवला असता तरच. थोडक्यात, ज्याला दुरुस्ती करता येते त्याला त्रास दिसत नाही, आणि ज्याला त्रास दिसतो त्याला दुरुस्ती करता येत नाही.

हे मी दुसऱ्या कुणाबद्दल सांगत नाहीये. ऑफिसची गडबड निस्तरल्यावर मी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी पायपीआयवर टाकलेली माझी लायब्ररी उघडून बघितली. फक्त एस-डिस्ट, आणि सेटअप डॉट सीएफजीमध्ये तीच ओळ, हायफनसकट. कुठल्याशा ट्युटोरियलमधून कॉपी केलेली. वॉर्निंग यायला लागली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो, त्या फोल्डरकडे फिरकलोही नव्हतो.

मी ती ओळ सुधारली. पण पायपीआयवर एकदा टाकलेली फाइल बदलता येत नाही. नवं व्हर्जनच काढावं लागतं. जो कुणी माझं जुनं व्हर्जन पिन करून बसला असेल, त्याच्याकडे हायफन अजून तसाच आहे. म्हणून बिल्ड कोडची दुरुस्ती वेळेत करण्याला एवढी किंमत आहे. उशिरा केलेली दुरुस्ती मागच्या व्हर्जनपर्यंत जात नाही.

मग करायचं काय?

आधी एक गैरसमज दूर करू. सेटअप डॉट पाय ही फाइल रद्द झालेली नाही. सी एक्स्टेन्शन बिल्ड करायचं असेल तर ती ठेवता येते. ती कमांड म्हणून थेट चालवून इन्स्टॉल करण्याची पद्धत मात्र सोडायची आहे.

तुमची एखादी लायब्ररी असेल, तर मी हा क्रम सुचवेन :

1. काही बदलण्याआधी आहे त्या कोडवरून एक व्हील बनवा आणि बाजूला ठेवा.
2. पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमध्ये बिल्ड-सिस्टम हा भाग लिहा. बिल्डला कोणती टूल्स लागतात ते तिथे स्पष्ट सांगा.
3. नाव, व्हर्जन, डिपेंडन्सी ही माहिती त्याच फाइलच्या प्रोजेक्ट या भागात आणा.
4. पुन्हा व्हील बनवा आणि आधीच्या व्हीलशी फाइल्सची यादी ताडून बघा. टेम्प्लेट किंवा डेटा फाइल्स गुपचूप गळतात त्या इथेच सापडतात.
5. एस-डिस्टसोबत व्हीलही पायपीआयवर टाका. तुमचे निम्मे वापरकर्ते बिल्डच्या भानगडीत पडणारच नाहीत असं नाही, शुद्ध पायथनची लायब्ररी असेल तर जवळजवळ कुणालाच पडावं लागणार नाही.
6. सीआयमध्ये आठवड्यातून एकदा, कोड बदललेला नसला तरी, बिल्ड चालवा आणि वॉर्निंग आली तर तो फेल करा.

"त्यापेक्षा सेटअपटूल्सचं जुनं व्हर्जनच ठरवून टाकलं तर?" तात्पुरतं चालेल. पण पायथन 3.12 मधून डिस्टयूटिल्स काढून टाकलं आणि इतरही जुने भाग गेले. सेटअपटूल्सची 66.1 च्या आधीची व्हर्जन्स त्यावर चालतच नाहीत. म्हणजे आज घातलेलं कुलूप उद्या नव्या पायथनला बाहेर ठेवतं.

मोठ्या लायब्रऱ्याही यातून सुटल्या नाहीत. सायपाय 2022 मध्ये 1.9 व्हर्जनला मेसनवर गेली, नमपाय 2023 मध्ये 1.26 ला. पण त्यांच्यात सी आणि फोर्ट्रानसारख्या भाषांचा कोड आहे, म्हणून त्यांना दुसरं बिल्ड टूलच निवडावं लागलं. साध्या पायथन लायब्ररीला एवढं काही लागत नाही. एक फाइल आणि एक संध्याकाळ पुरते.

माझ्या लायब्ररीला तेवढीच लागली. ती संध्याकाळ मी 2021 मध्येच काढायला हवी होती. तुमचंही एखादं जुनं पॅकेज पायपीआयवर पडलेलं असेल, तर या शनिवारी त्याचा बिल्ड एकदा चालवा आणि आउटपुट शेवटपर्यंत वाचा.