जहाजं म्हातारी होतात, ऑर्डर मात्र उशिरा निघते : नौदल आणि तटरक्षक दलापुढचा खरा प्रश्न

18 ऑगस्ट 2022 ची सकाळ श्रीवर्धन तालुक्यातले लोक विसरलेले नाहीत. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. माणूस एकही नाही, आत मात्र तीन एके-47 रायफली आणि काडतुसं. तास-दोन तासांत अख्ख्या रायगड जिल्ह्यात नाकाबंदी झाली. पुढे तपासात कळलं की 'लेडी हान' नावाची ही बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची. जूनमध्ये ओमानजवळ बिघाड झाला, माणसांना वाचवण्यात आलं आणि रिकामी बोट वाहत वाहत कोकणात आली. घातपाताचा संबंध नव्हता. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विषय संपला.

विषय संपला, प्रश्न नाही संपला. बोट थेट वाळूला लागेपर्यंत कुणाला दिसली कशी नाही? 2011 मध्येही असंच झालं होतं. 'पवित' नावाचं सोडून दिलेलं तेलवाहू जहाज मुंबईच्या जुहू चौपाटीवर येऊन बसलं, तेव्हा कुठे सगळ्यांना समजलं. आणि ज्या श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला 1993 मध्ये आरडीएक्स उतरलं, त्या तालुक्याला या प्रश्नाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

समुद्रावर नजर ठेवायला रडार लागतं, विमान लागतं, पण शेवटी जागेवर जायला जहाजच लागतं. देशाकडची बरीच जहाजं आता वयस्क झाली आहेत. त्यांच्या जागी नवी कधी येणार, यावर पुढच्या वीस वर्षांची किनाऱ्याची सुरक्षा ठरणार आहे.

जहाजाचं वय म्हणजे काय?

युद्धनौका साधारण 25 ते 30 वर्षं चालते, असं धरतात. खारं पाणी आणि खारा वारा लोखंडाला सोडत नाही. तळाचे पत्रे झिजतात, पाइप गळतात, वायरी कडक होतात, इंजिन पहिल्यासारखं ओढत नाही. मग जहाज गोदीत घेऊन मोठी दुरुस्ती करतात. जहाज जितकं जुनं, तितकं उघडल्यावर काम जास्त निघतं. सहा महिन्यांचं काम वर्षावर जातं आणि तोवर त्याची पाळी दुसऱ्या जहाजाला करावी लागते. दोन बैलांचं काम एकावर टाकलं तर तो लवकर थकणार, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको.

सुट्या भागांची अडचण वेगळीच. आपल्या अनेक मोठ्या युद्धनौकांची गॅस टर्बाइन इंजिनं युक्रेनमधली, आणि बरीच जहाजं व पाणबुड्या रशियन बनावटीच्या. फेब्रुवारी 2022 पासून या दोन देशांत युद्ध पेटलं आणि भाग मिळवणं अवघड झालं.

गोदीतले आणि समुद्रातले अपघात

14 ऑगस्ट 2013 ला 'सिंधुरक्षक' पाणबुडीत मुंबईच्या गोदीत स्फोट झाले, 18 नौसैनिक गेले. फेब्रुवारी 2014 मध्ये 'सिंधुरत्न' पाणबुडीत आग लागून दोन अधिकारी गेले. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन त्याच दिवशी राजीनामा दिला. जानेवारी 2022 मध्ये 1986 सालच्या 'रणवीर'वर स्फोट झाला, तिघे गेले. जुलै 2024 मध्ये दुरुस्ती चालू असताना 'ब्रह्मपुत्रा' पेटली, एका बाजूला कलंडली आणि एक नौसैनिक गेला.

सगळे अपघात वयामुळेच झाले असं म्हणता येणार नाही. 2016 मध्ये 'बेतवा' गोदीतून पाण्यात काढताना आडवी झाली आणि दोघे गेले, तेव्हा ती अवघी 12 वर्षांची होती. पण ताफा ओढूनताणून चालवला जातो, तेव्हा चुकीला जागा वाढते, हे नक्की.

दुसरी बाजूही सांगायला हवी. हीच 'बेतवा' दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात उतरली. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात पी-305 बार्ज बुडाला, त्यावर 261 माणसं होती. 'कोची' आणि 'कोलकाता' या नव्या नौकांच्या मदतीला 'बेतवा'ही धावली. त्या खवळलेल्या समुद्रातून 186 जणांना जिवंत बाहेर काढलं. म्हणजे जुनं जहाज टाकाऊ नसतं. पण त्याच्या मागे दुसरं तयार नसेल, तर त्याला विश्रांतीच मिळत नाही.

सुरुंग काढणारं एकही जहाज उरलं नाही

उशीर केला की काय होतं, याचं सर्वात स्पष्ट उदाहरण सुरुंगशोधक नौकांचं आहे. शत्रूने बंदराच्या तोंडाशी पाण्यात सुरुंग पेरले तर ते शोधून निकामी करायला खास जहाजं लागतात. नौदलाने 1978 पासून सोव्हिएत रशियाकडून अशी 12 घेतली. ती म्हातारी होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनीच्या मदतीने नवी 12 बांधायचं ठरलं, वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या आणि 2018 मध्ये तो विषय गुंडाळला. 2019 मध्ये 'कोळीकोड' निवृत्त झाली आणि ताफ्यात सुरुंगांसाठी बांधलेलं एकही जहाज उरलं नाही. तेव्हापासून दुसऱ्या जहाजांवर उपकरणं बसवून काम भागवावं लागतं. जुलै 2025 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने पुन्हा मान्यता दिली. पण मान्यता म्हणजे जहाज नव्हे. त्यानंतर निविदा, करार, बांधणी, चाचण्या, सगळं व्हायचं असतं.

याचं शेतकऱ्याला काय, असं कुणी विचारेल. देशाचा वजनाने सुमारे 95 टक्के परदेशी व्यापार समुद्रातून होतो. शेताला लागणारं पोटॅश जवळपास सगळं बाहेरून येतं, डिझेलचं कच्चं तेल बहुतांश बाहेरून येतं. नाशिकचा कांदा उरणच्या जेएनपीटी बंदरातून परदेशी जातो. बंदराचं तोंड आठ दिवस बंद झालं तरी झळ थेट बांधापर्यंत पोहोचेल.

हात थांबले की कसब जातं

पाणबुड्यांची गोष्ट मुंबईच्या माझगाव डॉकची आहे. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं या गोदीत राबली. जर्मन बनावटीच्या 'शल्की' आणि 'शंकुल' या पाणबुड्या इथेच बांधल्या, 1992 आणि 1994 मध्ये त्या नौदलात आल्या. पण त्या व्यवहारात लाचखोरीचे आरोप झाले आणि पुढचं काम थांबलं. शिकलेले वेल्डर, फिटर, इंजिनिअर पांगले, निवृत्त झाले. त्यानंतर तिथे बांधलेली पहिली पाणबुडी 'कलवरी' नौदलात आली ती डिसेंबर 2017 मध्ये. मधे 23 वर्षं गेली. सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

थळच्या समोर उभ्या असलेल्या खांदेरी किल्ल्याचं नाव याच मालिकेतल्या दुसऱ्या पाणबुडीला आहे. सहावी 'वागशीर' 15 जानेवारी 2025 ला आली. पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी माझगाव डॉक आणि जर्मन कंपनी मिळून पुढे आली, त्याची बोलणी लांबत गेली. आता पुन्हा हात रिकामे बसले, तर जुनीच चूक नव्याने होईल.

चांगलं काय चाललंय?

'वागशीर'बरोबर त्याच दिवशी 'सुरत' आणि 'निलगिरी' याही नौदलात आल्या. तिन्ही माझगाव डॉकच्याच. जुलै 2025 मध्ये रशियात बांधलेली 'तमाल' आली, ती बाहेरून घेतलेली शेवटची युद्धनौका असं सरकारने सांगितलं. पन्नासच्या वर जहाजं देशातल्या गोद्यांमध्ये बांधली जात आहेत आणि 2035 पर्यंत 175 जहाजांचं नौदल हे लक्ष्य आहे.

म्हणजे बांधायची ताकद आहे. पण वेळ बघा. 'निलगिरी'चा करार 2015 चा, जहाज आलं 2025 मध्ये. दहा वर्षं. जे जहाज 2035 मध्ये हवं, त्याचा निर्णय आजच व्हायला हवा.

तटरक्षक दलाचं गणित

तटरक्षक दलाची सुरुवातच जुन्या जहाजांवर झाली. समुद्रातून होणारी तस्करी रोखायला 1 फेब्रुवारी 1977 ला हे दल उभं राहिलं, तेव्हा नौदलाने दोन जुन्या युद्धनौका आणि पाच गस्ती बोटी दिल्या. आज दलाकडे 150 च्या आसपास जहाजं-बोटी आहेत आणि 2030 पर्यंत 200 करायच्या आहेत. आपल्याकडे डहाणू, मुरूड-जंजिरा आणि रत्नागिरीला त्यांची ठाणी आहेत.

2025-26 च्या अर्थसंकल्पात दलाचा भांडवली खर्च 3,500 कोटींवरून 5,000 कोटी केला, ही चांगली गोष्ट. डिसेंबर 2023 मध्ये माझगाव डॉकला सहा मोठ्या गस्ती नौकांची सुमारे 1,614 कोटींची ऑर्डर मिळाली. पण बातमीतली पुढची ओळ फार जणांनी वाचली नाही. त्या सहापैकी चार नौका जुन्यांच्या जागी येणार आहेत. खरी वाढ दोनचीच. जानेवारी 2024 मध्ये 14 जलद गस्ती नौकांची 1,070 कोटींची ऑर्डर निघाली, ती पूर्ण व्हायला 63 महिने, म्हणजे 2029 उजाडेल. म्हणून 'इतकी नवी जहाजं येणार' अशी बातमी आली की पहिला प्रश्न विचारायचा : त्याच काळात निवृत्त किती होणार?

आणि किनारा काही लहान नाही. महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटर असं शाळेत शिकवलं जायचं. खाड्या आणि वळणं बारकाईने मोजल्यावर तो सुमारे 878 किलोमीटर भरला. देशाचा 7,516 वरून 11,098 वर गेला. जमीन वाढली नाही, पण लक्ष ठेवायच्या जागा किती आहेत ते कळलं.

किनाऱ्यालगत 12 सागरी मैलांपर्यंतची गस्त मुख्यतः सागरी पोलिसांची. 2005 मध्ये मंजूर झालेल्या सागरी सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यात देशभरात 204 बोटी दिल्या गेल्या. बोट मिळते तेव्हा समारंभ होतो. नंतर डिझेल, सुटे भाग आणि खलाशी यांचा खर्च दरवर्षी लागतो, त्याचा समारंभ कुणी करत नाही.

मुद्दा एकच

शहाणा शेतकरी जुना बैल बसायची वाट बघत नाही. त्याच्या आधी दोन-तीन वर्षं दावणीला खोंड तयार असतो. देशाला पैसा नाही किंवा गोदी नाही असं नाही. कमी पडतो तो वेळेवर घेतलेला निर्णय. सुरुंगशोधक नौकांच्या बाबतीत बैलही गेला आणि खोंडही नाही, अशी वेळ आली. गस्ती नौका आणि पाणबुड्यांच्या बाबतीत ती येऊ नये.

निवडणुकीत रस्ता, पाणी, वीज विचारतात, ते विचारायलाच हवं. किनारपट्टीच्या तालुक्यांनी त्यात आणखी दोन प्रश्न जोडावेत. आपल्या सागरी पोलीस ठाण्याच्या किती बोटी आज चालू स्थितीत आहेत? आणि जुन्या गस्ती नौकांच्या जागी नव्या कधी येणार? खासदार-आमदारांना हे विचारता येतं, माहितीच्या अधिकारातही विचारता येतं.

तोवर मच्छीमारांची नजर हीच किनाऱ्यावरची पहिली गस्त आहे. हरिहरेश्वरची बोटही आधी गावकऱ्यांच्याच नजरेला पडली होती. समुद्रात अनोळखी बोट दिसली तर 1093, आणि कुणी संकटात असेल तर तटरक्षक दलाचा 1554, हे दोन नंबर मोबाइलमध्ये आजच सेव्ह करून ठेवा.