न उघडणारी सीडी म्हणजे न दिलेला स्कॅन

उमरेड, भिवापूर, कुही या भागातला गंभीर रुग्ण पुढच्या उपचारांसाठी बहुधा नागपूरकडेच निघतो. मेडिकल, मेयो, एम्स किंवा एखादे खासगी रुग्णालय गाठताना नातेवाइकांच्या हातात एक मोठा लिफाफा असतो. त्यात फिल्म, रिपोर्ट आणि एक सीडी असते. निघताना सीडीकडे कोणी फारसे पाहत नाही. पुढच्या रुग्णालयातल्या संगणकावर ती उघडली नाही, की मग ऐकावे लागते, ‘पुन्हा स्कॅन करून घ्या.’

कधी कधी पुन्हा स्कॅन करणे खरोखर गरजेचे असते. डोक्याला मार लागल्यावर आतला रक्तस्राव काही तासांत वाढू शकतो आणि ते पाहायलाच हवे. पण केवळ फाइल उघडली नाही म्हणून केलेला स्कॅन हा वेगळा प्रकार आहे. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण २ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग शरीराला मिळतो. माणसाला निसर्गातून वर्षभरात मिळणारा जागतिक सरासरी किरणोत्सर्ग सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. एका स्कॅनचा धोका लहान असला, तरी तो विनाकारण दुप्पट करण्याचे समर्थन होऊ शकत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही. शिवाय पैसे जातात ते वेगळेच आणि तातडीच्या प्रसंगी हातचा वेळ जातो.

‘फिल्म आहे ना, मोबाइलवर फोटो पाठवा,’ असा तोडगा हमखास निघतो. पहिला सल्ला तातडीने मिळवायला तो ठीक आहे, पण फोटो मूळ स्कॅनची जागा घेऊ शकत नाही. सीटी स्कॅनमधला प्रत्येक ठिपका हा एक आकडा असतो. सीटी तंत्राबद्दल १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाच्या मापात पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर असते. मेंदूची ऊती साधारण २५ ते ४०, ताजे रक्त ५० ते ७० आणि हाड त्याच्या कितीतरी वर. मूळ फाइलमध्ये अशा सुमारे ४०९६ पातळ्या मावतात, तर साध्या जेपीजी चित्रात करड्या रंगाच्या फक्त २५६. म्हणून फिल्मवर मेंदू नीट दिसावा अशी छटा ठेवली, की कवटी सरसकट पांढरी दिसते आणि तिच्यातली बारीक भेग लपते. मूळ फाइल हाती असेल तर डॉक्टर तीच प्रतिमा हाडासाठी, रक्तासाठी, मेंदूसाठी वेगवेगळी करून पाहू शकतात.

मग सीडी उघडत का नाही? पूर्वी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची फाइल वेगळी असे. हा गोंधळ संपवण्यासाठी अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ आणि यंत्रनिर्माते यांच्या संघटनांनी १९८५ मध्ये एक समान मानक आणले आणि १९९३ पासून ते ‘डायकॉम’ या नावाने ओळखले जाते. आज जगभरची सीटी आणि एमआरआय यंत्रे ही भाषा बोलतात. त्यामुळे सीडीवरचा स्कॅन बहुतेक वेळा शाबूत असतो. अडचण इतरत्र असते. या फाइलींच्या नावापुढे अनेकदा कोणतीच ओळखखूण नसते, म्हणून साधा संगणक त्यांना ओळखत नाही. सीडीसोबत येणारा स्वतःचा प्रोग्राम विषाणूच्या भीतीने रुग्णालयाचा संगणक चालू देत नाही. कधी फाइल अशा पद्धतीने दाबून लहान केलेली असते, की जुन्या प्रोग्रामला ती उलगडता येत नाही. कधी पेन ड्राइव्हवर घेताना अर्धाच फोल्डर उतरतो. आणि नव्या लॅपटॉपला तर सीडीची खाचच नसते.

यातल्या बहुतेक अडचणींवर उपाय साधे आहेत. सीडीवरचा प्रोग्राम चालवण्याऐवजी रुग्णालयाने आपल्याच प्रोग्राममध्ये फाइली ‘इम्पोर्ट’ कराव्यात. वीसिस किंवा थ्रीडी स्लायसर यांसारखे मोफत प्रोग्रामही डायकॉम फाइली उघडतात, निदानासाठी मात्र रुग्णालयाची मान्यताप्राप्त प्रणालीच वापरावी. नातेवाइकांनी अख्खा फोल्डर जसाच्या तसा पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा, फाइलींची नावे बदलू नयेत. या फाइलींमध्ये रुग्णाचे नाव आणि जन्मतारीखही असते, हे लक्षात ठेवून त्या कुठल्याही ग्रुपवर टाकू नयेत.

पण ही जबाबदारी नातेवाइकांवर ढकलून चालणार नाही. रुग्ण स्ट्रेचरवर असताना फाइलीचे मानक विचारायचे भान कोणाला असते? ती जबाबदारी स्कॅन करणाऱ्या केंद्राची आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यावर त्याची वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१६ च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांमध्ये प्रतिमांसाठी डायकॉमचे नाव आहे. म्हणजे हक्कही आहे आणि मानकही आहे. राहिले आहे ते काउंटरवरचे शेवटचे पाऊल.

केंद्रांवर गर्दी असते, मनुष्यबळ कमी असते, हे खरे. तरीही सीडी लिहिली त्या संगणकाऐवजी दुसऱ्या संगणकावर ती एकदा उघडून पाहायला फार वेळ लागत नाही. जाड छेदांसोबत पातळ छेदांच्या प्रतिमाही द्याव्यात आणि रुग्णाने पेन ड्राइव्ह आणला असेल तर त्यावरही प्रत द्यावी. अनेक केंद्रे आता ऑनलाइन दुवा देतात. ही सोय चांगली आहे, मात्र तो किती दिवस चालेल हे पावतीवर लिहायला हवे आणि त्यावरून मूळ फाइल उतरवून घेता यायला हवी. ‘आभा’ क्रमांक काढला म्हणून जुना स्कॅन आपोआप सगळीकडे दिसू लागत नाही, तोवर ही प्रतच रुग्णाचा आधार आहे.

जिल्हा आरोग्य यंत्रणेने यासाठी नवे यंत्र विकत घ्यायची गरज नाही. ‘सीडी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली’ अशी एक ओळ आणि तिच्यापुढे सही, एवढे रुग्णाला नागपूरला पाठवण्याच्या चिठ्ठीवर बंधनकारक केले तरी पुरे. रक्तगट लिहिताना आपण जितकी काळजी घेतो, तितकीच इथे घ्यायची आहे. स्कॅनचे पैसे रुग्णाने मोजले असतील किंवा सरकारने, त्या बदल्यात उघडणारी फाइल मिळणे हा त्या सेवेचाच भाग आहे.