दक्ष ग्राहकाची दंतकथा

आर्थिक सेवांच्या क्षेत्रात दोन संस्थांची बोधचिन्हे एकमेकींसारखी दिसली तरी त्यात ग्राहकाचे काहीएक नुकसान नाही, कारण पैसा गुंतविणारा मनुष्य पाव विकत घेणाऱ्यासारखा घाईत नसतो, तो कागदपत्रे वाचतो, चौकशी करतो आणि मगच सही करतो. सबब असले कज्जे म्हणजे धनिकांनी न्यायालयाचा वेळ खर्चून चालविलेला मानापमानाचा खेळ होय, असे प्रतिपादन आयर्लंडच्या व्यापारी कायद्याचा दाखला देऊन एका विद्वान लेखकाने नुकतेच केले आहे. निळा रंग कोणाच्या मालकीचा नाही आणि अजागळांचे रक्षण करणे हे कायद्याचे काम नव्हे, अशी दोन वाक्येही त्यांनी जाता जाता फेकली आहेत. त्यांचा व्यासंग मी नाकारीत नाही. परंतु ज्या देशाला त्यांनी साक्षीस बोलाविले त्याच देशाचे निवाडे त्यांच्याविरुद्ध बोलतात, हे त्यांनी वाचकांपासून का दडविले, याचा जाब मला विचारावासा वाटतो.

आयर्लंडच्या १९६३ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये नोंद होत असे ती केवळ वस्तूंच्या चिन्हांची. बिस्किटाच्या पुड्याला जे संरक्षण होते ते बँकेच्या सेवेला नव्हते, आणि १ जुलै १९९६ रोजी नवा कायदा अमलात आला तेव्हाच सेवांची चिन्हे नोंदवहीत दाखल होऊ लागली. आपल्याकडेही १९५८ च्या कायद्याची हीच तऱ्हा होती आणि ती पालटण्यास सप्टेंबर २००३ उजाडावा लागला. त्या उणिवेच्या काळात आयरिश टपालखात्याने, म्हणजे आन पोस्टने, आयरिश पर्मनंट या संस्थेविरुद्ध उच्च न्यायालयात दावा लावला. आन पोस्टची बचत प्रमाणपत्रे पिढ्यान्‌पिढ्या टपालाच्या खिडकीवर विकली जात होती. आयरिश पर्मनंटने आपल्या नव्या योजनेस तेच नाव दिले. नोंदीचा आधार नसता, केवळ दुसऱ्याच्या लौकिकावर आपला व्यवहार खपवू नये या जुन्या तत्त्वावर न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. येथे तर बोधचिन्हही नव्हते. दोन साधे, वर्णनात्मक शब्द होते, आणि ठेवीदार ‘दक्ष’ असतो ही सबब तेथे मनाई टाळण्यास पुरली नाही.

परंतु माझा मुख्य आक्षेप या ‘दक्षते’च्या कल्पनेलाच आहे. युरोपातील न्यायालयांनीही आर्थिक सेवांचा ग्राहक सामान्याहून अधिक सावध मानला आहे, हे मी जाणतो. मात्र तो सावध असतो कशाविषयी? व्याज किती, मुदत किती, मुदतीपूर्वी पैसे काढल्यास दंड किती, याविषयी. समोरची संस्था कोणती, हे तो कलमे वाचून ठरवीत नाही, ते चिन्ह पाहूनच ठरवितो. चिन्हाचे प्रयोजनच ते आहे. ज्याची ज्या संस्थेवर श्रद्धा अधिक, त्याचा तिच्या चिन्हावर भरवसा अधिक, आणि म्हणून नकलेला तोच अधिक बळी पडतो. मॅककेंब्रिज आणि ब्रेनन या दोन पाव-कारखानदारांच्या वादात, वेष्टनावर ब्रेनन यांचे नाव छापलेले असूनही, एकंदर देखाव्यातील साम्य फसवे ठरले आणि २०१२ मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. आमचे लेखक म्हणतील, तो पाव होता. होय, पण पावाची चूक रात्रीच्या जेवणात कळते, ठेवीची चूक कळावयास वर्षे लागतात, आणि तोवर रक्कम परतण्याची वाट उरत नाही. शिवाय आजचा ठेवीदार बँकेची पायरी चढतच नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर नखाएवढ्या चौकोनांच्या रांगा असतात. त्यात नावाचे अक्षर धड वाचता येत नाही, दिसतो तो रंग आणि आकार. पेपालने २०१६ मध्ये पेटीएमच्या चिन्हास भारतात जी हरकत घेतली तिचा रोख येथेच होता: दोन्हींत शब्दाचा पहिला भाग गडद निळा, दुसरा फिका निळा. आयर्लंडची मध्यवर्ती बँक वारंवार इशारे प्रसिद्ध करते की खऱ्या, परवानाधारक संस्थांचे नाव, पत्ता व चिन्ह जसेच्या तसे उचलून भामटे लोकांना लुबाडीत आहेत. चिन्हाकडे कोणी पाहतच नसेल, तर हे भामटे ते चोरण्याची तसदी का घेतात? याचे उत्तर लेखकमहाशयांनी द्यावे.

आपल्याकडे पतपेढ्या बुडाल्या तेव्हाही हाच युक्तिवाद ऐकविण्यात आला होता: ठेवीदाराने आधी चौकशी करावयास हवी होती. निवृत्तिवेतनाची पुंजी गमावून बसलेल्या वृद्धाला दक्षतेचे धडे देणाऱ्यांची मला तेव्हाही चीड आली होती, आजही येते.

राहिला रंगाचा प्रश्न. निळ्या रंगाची सनद कोणीच मागत नाही; आक्षेप सुट्या रंगाला वा अक्षराला नसून एकंदर देखाव्याच्या साम्याला आहे. फोनपेने ‘पे’ या अक्षरावर मक्तेदारी सांगितली तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये भारतपेविरुद्ध अंतरिम मनाई नाकारलीच, आणि ते योग्यच झाले. धनिकांच्या भांडणाविषयी म्हणाल तर कज्जा त्यांचा असेल, पण गोंधळात बुडणारा पैसा सामान्यांचा असतो.

माझी मागणी थोडकी आहे. आयर्लंडमधील किल्केनी येथील बौद्धिक संपदा कार्यालयाने छत्तिसाव्या वर्गातील, म्हणजे विमा व वित्तसेवांच्या, चिन्हांची तुलना कागदावरील मोठ्या प्रतीवरून न करता पडद्यावर ती जेवढी दिसतात तेवढ्याच आकारात करावी. मापदंड म्हणून कल्पित दक्ष गुंतवणूकदार न घेता प्रथमच खाते उघडणारा मनुष्य घ्यावा. आणि मध्यवर्ती बँकेने परवाना देताना अर्जदाराचे चिन्ह आधीच्या परवानाधारकांच्या चिन्हांशी ताडून पाहावे. मुंबईतील व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयासही हेच लागू आहे. शेकडो आकार आणि रंग मोकळे असताना जो नेमका शेजाऱ्याचाच देखावा पसंत करतो, त्याने ती निवड का केली हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच टाकावा. ठेवीदाराला जबाबदार धरण्याचा हट्ट आमच्या लेखकाने सोडावा.