मिसळत नाही हो!

जुलै-ऑगस्टमध्ये हिंजवडीच्या आणि खराडीच्या इमारतींत नवी भरती दाखल होते. गळ्यात कोरं ओळखपत्र, पाठीवर कंपनीनं दिलेली सॅक आणि चेहऱ्यावर तोंडी परीक्षेच्या आधीचे भाव. मग सगळ्यांना एका गारठलेल्या खोलीत गोल बसवतात आणि एचआरची उत्साही मुलगी जाहीर करते, ‘प्रत्येकानं स्वतःबद्दल अशी एक गोष्ट सांगायची, जी कुणालाच माहीत नाही!’ जी कुणालाच माहीत नाही ती खोलीभर अनोळखी माणसांना का सांगायची, हे तिथे विचारायचं नसतं.

बोलक्या पोरांची अशा वेळी चंगळ असते. कुणी मिमिक्री करतं, कुणी हरिश्चंद्रगडावर वाट चुकल्याचा किस्सा रंगवतं. कोपऱ्यातला एकजण मात्र यातलं काहीच ऐकत नसतो, कारण तो मनातल्या मनात आपलं वाक्य घोकत असतो. पाळी येते, वाक्य अडखळत बाहेर पडतं, सवयीच्या टाळ्या पडतात. आणि आठवडा उलटायच्या आत टीमचा निकाल लागलेला असतो: ‘हुशार आहे, पण मिसळत नाही हो.’

हा निकाल फार चिवट. पुढे वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये तो ‘अधिक प्रोअ‍ॅक्टिव्ह व्हायला हवं’ असे सभ्य कपडे घालून हजर होतो.

गंमत म्हणजे यातलं बरंचसं स्वभावाचं नसतंच. हॉस्टेलवर रात्री दोनपर्यंत मैफल जमवणारा लातूरचा मुलगा, इंग्रजीत ओळख करून द्यायची म्हटली की मिटून जातो. त्यातून इथे साहेबाला नावानं हाक मारायची पद्धत. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं नावानं बोलवायला जीभ वळत नाही आणि ‘सर’ म्हटलं की शेजारचे हसतात. मग तो सोपा मार्ग काढतो: हाकच मारायची नाही. काही अडलं तर तासभर स्वतःच डोकं खाजवत बसायचं. आपण त्याला अबोल म्हणतो, फार तर शिष्ट म्हणतो. आणि खरोखरच अबोल असलेली त्याच्या शेजारची मुलगी, जिला गर्दीत बोलायला आवडत नाही पण दोघातिघांत छान खुलते, तिच्यावरही तोच शिक्का. दोघांना लागणारी मदत मात्र अगदी वेगळी. त्याला भाषेची आणि रीतभातीची भीड चेपायला हवी असते. तिला कुणी बदलायला जाऊ नये, एवढंच पुरे.

या बाबतीत विप्रोच्या कॉल सेंटरमध्ये झालेला एक प्रयोग मला आवडतो. 2013 साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. नव्या मंडळींच्या एका गटाला पहिल्या दिवशी कंपनीची मूल्यं आणि थोरवी ऐकवली, कंपनीच्या नावाचे स्वेटशर्ट दिले. दुसऱ्या गटाला विचारलं, तुमच्यात वेगळं काय आहे, तुमच्या हातून उत्तम काम कधी होतं? त्यांना स्वतःच्या नावाचे स्वेटशर्ट मिळाले. तिसऱ्या गटाचं नेहमीचं प्रशिक्षण झालं. पुढच्या सहा-सात महिन्यांत नोकरी सोडणारे या दुसऱ्या गटात कमी निघाले आणि त्यांच्यावर ग्राहकही जास्त खूश होते. फरक काय, तर सुरुवातीच्या तासाभराचा. निबंधाच्या तीन लेखकांपैकी एकीवर पुढे दुसऱ्या काही संशोधनांतल्या आकड्यांवरून गंभीर आरोप झाले, हेही सांगायला हवं. हा निबंध त्या आरोपांत नव्हता. तरी मी टक्केवारी बाजूला ठेवतो आणि त्यातला प्रश्न तेवढा उचलतो. आमच्याकडे नव्या माणसाला कंपनीबद्दल सगळं सांगतात. त्याला त्याच्याबद्दल विचारतात ते रक्तगटापुरतं.

यावर काही कंपन्यांनी शोधलेला उपाय म्हणजे स्वभावचाचणी. माणूस आला की प्रश्नावली भरून घ्यायची आणि चार अक्षरांचं लेबल हातात द्यायचं. युंगनं 1921 मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख ही मांडणी केली. तिच्यावरून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी सोळा प्रकारांची चाचणी रचली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. इझाबेलबाई तर त्याआधी रहस्यकथा लिहीत. गप्पांसाठी ही चाचणी झकास आहे. पण प्रत्यक्षात बहुतेक माणसं दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, आणि लेबल लागलं की पत्रिकेतल्या मंगळासारखं ते उतरत नाही. ‘ती इंट्रोव्हर्ट आहे, तिला क्लायंटसमोर नको न्यायला,’ हे मी ऐकलेलं आहे. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

माझं मत विचाराल तर नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी द्याव्यात. एक, छोटं पण खरं काम. ‘डॉक्युमेंट वाचत बस’ हे काम नव्हे, ती शिक्षा आहे. अबोल माणसाला कामासारखा दुसरा विषय नसतो. कोडमधली चूक सापडली की तो आपणहून तुमच्या टेबलापाशी येतो. दुसरी गोष्ट म्हणजे एक माणूस, ज्याला मूर्ख प्रश्न बिनधास्त विचारता येतील. हा माणूस साहेब नसावा. त्यानं नव्याला टपरीवर चहाला न्यावं, दोघंच. बारा जणांच्या टीम लंचपेक्षा तिथे जास्त काही कळतं.

उलटा प्रकारही होतो, आणि त्याची कुणाला दया येत नाही. आमच्या ओळखीच्या एका टीममध्ये सगळे हेडफोनवाले, दिवसभर चॅटवर बोलणारे. तिथे विक्री विभागातून एक बोलघेवडे गृहस्थ आले. पहिल्याच दिवशी सगळ्यांशी हस्तांदोलन, घरून आणलेल्या चिवड्याचं वाटप, ‘काय मग, गाव कुठलं?’ दोन दिवसांत ‘आगाऊ’ हे नाव पडलं. तिथल्या टीम लीडबाई हुशार. त्यांनी गृहस्थांना गप्प बसवलं नाही आणि टीमला बोलतंही केलं नाही. टीममध्ये कुणालाच नको असलेलं एक काम होतं: रोज सकाळी ग्राहकाला फोन करून त्याची तक्रार ऐकून घ्यायची. ते गृहस्थांकडे दिलं. आता ग्राहक तासभर बोलतो, गृहस्थ त्याहून जास्त बोलतात, आणि बाकीचे हेडफोन लावून सुखात आहेत. चिवडा मात्र आता सगळे मागून घेतात, चॅटवर.