राजनांदगावच्या गाडीतले भाकीत

भंडारा जिल्ह्यातून पूर्वेला जाणारी रेल्वे वरठी, तुमसर रोड, गोंदिया करीत राजनांदगाव गाठते. 1893 साली नारायण वामन टिळक याच रेल्वेने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगून टाकले. टिळकांना तेव्हा ते भलतेच धाडसाचे वाटले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बायबलातली भाकिते खरी ठरली म्हणून बायबल ईश्वरप्रणीत, असे सांगणाऱ्या प्रचारकाला याहून सोयीचे उदाहरण कोणते मिळणार? मुदतीसकट खरे ठरलेले भाकीत, तेही आपल्याच मुलखातले. पण टिळकांनी आपल्या श्रद्धेचे कारण म्हणून हे भाकीत कधी पुढे केले नाही. त्यांना धरून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. शत्रूवर प्रेम करायला सांगणारी ती पाने वाचली आणि पुस्तक सोडवेना. स्वतः टिळकांनी जे पुराव्यात धरले नाही, ते इतरांनी का धरावे?

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. मिशनरी जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईत आले आणि दोन वर्षांत मोरभट दांडेकरांशी त्यांची जाहीर झुंज जुंपली. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांना सवाल टाकीत होते. पाद्र्यांच्या गाड्याला चमत्कार आणि भाकिते ही ठरलेली बैलजोडी असे. चमत्कार पुराणांतही भरपूर, म्हणून तो बैल लवकर बसे. भाकीत मात्र ओढत राही, कारण त्याला तारखांचा आधार असल्यासारखे वाटे.

तो आधार तपासता येतो. भाकीत पुरावा म्हणून उभे करायचे, तर ते घटनेच्या आधीचे हवे, काय घडणार हे त्यात नेमके हवे, आणि ते घडवून आणणे ते माहीत असलेल्या माणसांच्या हातात नको. टिळकांच्या सहप्रवाशाचे भाकीत तिसऱ्या अटीवरच अडते. धर्मशोधाने अस्वस्थ झालेल्या तरुणाला त्याने भाकीत आणि पुस्तक एकाच वेळी दिले. शिवाय असे किती जणांना सांगितले गेले असेल आणि त्यातले किती जण तसेच घरी गेले असतील, याची नोंद कुठेच नसते. फसलेल्या भाकितांना चरित्रकार मिळत नाहीत.

विदर्भाला हा हिशेब चांगला ठाऊक आहे. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे पावसाचे, पिकांचे, राजाच्या गादीचेही भाकीत जाहीर होते. पहिली अट भेंडवळ चोख पाळते. सगळे आधी आणि चारचौघांत. घोडे अडते दुसऱ्या अटीवर. ‘कमी-जास्त पाऊस’ खोटा पडणार कसा? भविष्याची चाचणी घ्यायचीच तर जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात घेतली तशी घ्यावी. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून त्यांनी ज्योतिषांपुढे ठेवल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून उत्तरे दिली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी आलीच असती.

आता हीच फूटपट्टी बायबलाला. मत्तयाने यशयाच्या सातव्या अध्यायातले इम्मानुएलचे चिन्ह येशूच्या जन्माला लावले. मूळ प्रसंग इ.स.पू. आठव्या शतकातला. यरुशलेमवर दोन राजे चालून आलेले, राजा आहाज घाबरलेला. बाळाला बऱ्या-वाइटाची जाण येण्याआधीच ते दोन्ही शत्रू नाहीसे होतील, असा त्याला दिलासा. सातशे वर्षांनंतरचा जन्म आहाजच्या काय कामाचा? मत्तय येशूलाच लावतो त्या मिसरातून बोलावलेल्या पुत्राविषयी होशेय लिहितो, तेव्हा तो इस्राएलाच्या जुन्या सुटकेची आठवण काढतो आहे. ते भविष्य नव्हेच. यहेज्केलाने सोर नगराचा नाश नबुखद्नेस्सराच्या हातून होईल असे सांगितले, आणि पुढे 29 व्या अध्यायात त्याच ग्रंथाने कबूल केले की त्या राजाला सोरच्या मोहिमेतून काही मजुरी मिळाली नाही. शिकंदराने इ.स.पू. 332 मध्ये समुद्रात भराव टाकून ते बेट घेतले खरे, पण सोर आजही लेबनॉनमध्ये नांदते आहे. हे सगळे झाकून पूर्ण झालेल्या भाकितांची यादी छापणे म्हणजे वकिली झाली.

पण नास्तिकाने इतक्यात टाळी घेऊ नये. ख्रिस्ती लोकांनी मजकूर मागाहून घुसडला, हा त्याचा आवडता आरोप निदान यशयाबाबत साफ कोसळतो. 1947 पासून मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाची एक जवळजवळ संपूर्ण प्रत आहे, सात मीटरहून लांब आणि येशूच्या शंभरेक वर्षे आधीची. दुसऱ्यांच्या अपराधांसाठी मुकाट्याने मार खाणाऱ्या सेवकाचा 53 वा अध्याय तिच्यात आहे. भविष्यपुराणाच्या छापील प्रतीत इंग्रजी राज्यापर्यंतचा मजकूर सापडतो, तशी ही गत नाही. अर्थात मजकूर जुना ठरला म्हणून त्याचा अर्थ ठरत नाही. हा सेवक म्हणजे परागंदा झालेले सारे यहुदी लोकच, असे आपल्याला यहुदी विद्वानांनी सांगितल्याचे तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिगेन स्वतःच नोंदवतो.

दुसरा आरोप असा की शिष्यांनी भाकिते समोर ठेवून येशूची कथा बेतली. काही बारीकसारीक प्रसंगांत तसे झालेही असेल. पण गाभ्याला हे लागू पडत नाही. बेतायचेच असते तर रोमनांना हाकलणारा, दाविदाची गादी परत मिळवणारा मसीहा बेतला असता; लोक त्याचीच वाट पाहत होते. क्रूसावर मेलेला मसीहा ही त्यांच्या लेखी लाजिरवाणी गोष्ट होती आणि पौलाने ते लपवलेले नाही. येशूला देहदंड झाल्याची नोंद तर रोमन इतिहासकार टॅसिटसनेही केली आहे. तेव्हा क्रम उघड आहे: आधी क्रूस, मग यशया. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे हताश शिष्य आधी गुरूच्या मरणाने मोडून पडतात आणि नंतर त्यांच्यापुढे शास्त्र उलगडते.

खंडनाने इथे थांबावे, कारण मंडनाला जागा इथेच मिळते. भाकीत हे पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेचे कारण नव्हते. झाल्या घटनेचा अर्थ लावायला त्यांच्या हाती असलेली ती भाषा होती. येशूही ती भाषा बोलला. जखऱ्याच्या ग्रंथात राजा गाढवावर बसून येतो. येशूला तो ग्रंथ माहीत होता आणि त्याने गाढव मुद्दाम मागवले. पुरावा म्हणून हे शून्य, कारण तिसरी अट मोडली. पण घोड्यावरून, सैन्यासह येणाऱ्या सत्तेच्या काळात हा माणूस जाणूनबुजून गाढवावर बसून राजधानीत शिरतो, यात तो कोणत्या प्रकारचा राजा आहे हे तो सगळ्यांदेखत सांगतो आहे. प्रचारक त्या प्रसंगाचा योगायोग मोजत बसतो आणि हे सांगणे हरवते.

मराठी ख्रिस्ती परंपरेत पुरावा आणि श्रद्धा यांतला हा भेद जगून दाखवणारी माणसे आहेत. नीळकंठशास्त्री गोरे यांनी काशीत असताना ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून ख्रिस्ती पुराव्यांवर संस्कृतात हल्ला चढवला; तर्काआधी श्रद्धा लागते, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा. 1848 मध्ये तेच ख्रिस्ती झाले, फादर नेहेमिया गोरे म्हणून ख्रिस्ती मताची प्रमाणे मांडत राहिले, आणि तरीही शंका त्यांच्या मागे लागलेल्याच होत्या. त्यांच्याच युक्तिवादांनी पंडिता रमाबाईंची बुद्धी वळवली. मन मात्र आधीच हलले होते, इंग्लंडमध्ये फुलहॅमच्या आश्रमात. तिथल्या भगिनी पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळत होत्या. तिथेच रमाबाईंनी येशूची आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकली. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा झाल्यावरही त्या पाद्र्यांशी आणि भगिनींशी सिद्धांतांवरून वाद घालतच राहिल्या. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता; तो मिळायला बाप्तिस्म्यानंतर आणखी आठेक वर्षे गेली. गोऱ्यांची सारी प्रमाणे त्या काळातही त्यांच्यापाशी होतीच.